शिकवण बदलली, की आपले मन मागे राहिले?





आज दोन तारखा तुमच्यापुढे ठेवते. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरला सिस्टर राणी मारिया यांना धन्यवादित घोषित करण्यात आले. आपल्या भागातूनही लोक गाड्या करून गेले होते. कित्येक घरांत त्यांचा फोटो आजही येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीशेजारी लावलेला दिसतो. त्यानंतर बरोबर एका महिन्याने, ४ डिसेंबर २०१७ रोजी, भोपाळला आपल्या मध्य प्रदेशच्या विधानसभेने एक विधेयक एकमताने मंजूर केले. बारा वर्षे वा त्याखालील मुलीवर बलात्कार करणाऱ्याला फाशी देता येईल, असे ते विधेयक. असे करणारे आपले राज्य देशात पहिले.

पहिल्या तारखेला आपण टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या तारखेलाही वाजवल्या. त्याच हातांनी दोन्ही टाळ्या कशा वाजल्या, हा प्रश्न मला आज तुम्हांला विचारायचा आहे.

पुढच्या वर्षी, २ ऑगस्ट २०१८ रोजी, व्हॅटिकनने जाहीर केले की पोप फ्रान्सिस यांनी कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथातील परिच्छेद २२६७ बदलला आहे. आधी त्या जागी असा अर्थ होता की, निरपराध लोकांचे प्राण वाचवण्याचा दुसरा मार्गच उरला नसेल तर शासनाने मृत्युदंड द्यायला ख्रिस्तसभेच्या परंपरागत शिकवणीची हरकत नाही. आता तिथे म्हटले आहे की मृत्युदंड स्वीकारता येत नाही, कारण तो माणसाच्या प्रतिष्ठेवर घाला आहे; आणि तो जगभरातून रद्द व्हावा यासाठी ख्रिस्तसभा निर्धाराने झटेल. योगायोग बघा. त्याच आठवड्यात आपली संसद उलट्या दिशेने चालली होती. बारा वर्षांखालील मुलीवरील बलात्कारासाठी फाशीची तरतूद करणारे विधेयक लोकसभेने ३० जुलैला आणि राज्यसभेने ६ ऑगस्टला मंजूर केले. मधोमध व्हॅटिकनची ही घोषणा आली.

एवढी मोठी गोष्ट घडली, पण आपल्यापैकी किती जणांना ती माहीत आहे? देशात कुठे एखाद्या लेकरावर अत्याचार झाला की आपल्याच प्रार्थना मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर भरचौकात फाशी द्या, असे निरोप फिरू लागतात. वर जपमाळेचे चित्र, खाली फासाचे. त्यांवर हात जोडलेल्या खुणांची रांग लागते. मी जेव्हा सांगते की ख्रिस्तसभेची शिकवण अशी नाही, तेव्हा दोन प्रकारची उत्तरे मिळतात.

पहिले उत्तर वडीलधाऱ्यांचे. ख्रिस्तसभेची शिकवण कधी बदलत नाही, बदलली असेल तर ती पोपमहोदयांची वैयक्तिक मते समजावीत, आम्ही लहानपणी शिकलो तेच खरे. दुसरे उत्तर तरुणांचे. बघा, सगळे बदलतेच. आज फाशीचे बदलले, उद्या गर्भपाताचे बदलेल, परवा लग्नाचे. मग आत्ताच एवढे काटेकोर कशाला राहायचे? दोन्ही उत्तरे ऐकायला एकमेकांच्या विरुद्ध वाटतात. पण दोघांनाही एकच गोष्ट हवी आहे, ती म्हणजे आपले मन आहे तिथेच राहू देण्याची मोकळीक.

आधी वडीलधाऱ्यांशी बोलते, मान राखून, पण स्पष्ट.

शिकवण कधीच बदलली नाही, हे म्हणणे खरे नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी शिकवले की सडलेला अवयव जसा शरीराच्या रक्षणासाठी कापून टाकतात, तसा समाजाला घातक ठरलेला माणूस समाजाच्या हितासाठी मारणे योग्य आहे. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनंतर १५६६ साली निघालेल्या धर्मशिक्षण ग्रंथानेही शासनाचा हा अधिकार मान्य केला. आणि ही गोष्ट केवळ पुस्तकात राहिली नाही. पोप स्वतः राज्य करीत होते त्या प्रदेशात जिओव्हान्नी बत्तिस्ता बुगात्ती नावाच्या एका जल्लादाने १७९६ ते १८६४ या काळात ५१६ जणांचे प्राण घेतले. आपल्याजवळच्या गोव्यात १५६० ते १८१२ या काळात धर्मन्यायालय होते. ज्यांना ते दोषी ठरवी त्यांतल्या काहींना जिवंत जाळण्यासाठी राजसत्तेच्या हवाली केले जाई. व्हॅटिकन नगरराज्याच्या १९२९ च्या कायद्यातही पोपच्या हत्येचा प्रयत्न करणाऱ्याला मृत्युदंड होता. तो कधी वापरला गेला नाही, पण पोप सहावे पॉल यांनी १९६९ मध्ये काढून टाकेपर्यंत तो कायद्यात होता.

हे वाचून कुणाची श्रद्धा डळमळत असेल तर मी म्हणेन, डळमळू द्या थोडी. इतिहास झाकून जपलेली श्रद्धा पहिल्याच प्रश्नाला कोसळते. माझ्या दृढीकरणाच्या वर्गात एका मुलाने हाच प्रश्न विचारला होता: टीचर, मग आधीचे पोप चुकीचे होते का? चौदा वर्षांच्या मुलाला गप्प बस म्हणणे सोपे असते. पण तो उत्तराचा हक्कदार आहे, आणि आपण सगळेच आहोत.

उत्तर असे आहे. ख्रिस्तसभेच्या शिकवणीला मूळ असते आणि फांद्याही असतात. माणूस देवाच्या प्रतिमेत घडला आहे, हे मूळ. निरपराधांचे रक्षण करणे हे शासनाचे कर्तव्य आहे, हेही मूळ. ही दोन्ही मुळे अक्वायनसच्या काळी होती, आजही आहेत. पण मुळातून काय काय उगवते हे एका दिवसात दिसत नाही. पाचव्या शतकात लेरॅंचे संत व्हिन्सेंट यांनी लेकराच्या वाढीचा दाखला दिला होता: मूल मोठे होते, पण दुसरेच कुणी होत नाही. एकोणिसाव्या शतकात संत जॉन हेन्री न्यूमन यांनी १८४५ साली यावर अख्खा ग्रंथ लिहिला. जिवंत शिकवण वाढते आणि वाढताना स्वतःशी प्रामाणिक राहते, असे त्यांचे सांगणे.

फाशीच्या बाबतीत ही वाढ कशी झाली तेही बघा. २५ मार्च १९९५ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी जीवनाच्या शुभवर्तमानावरचे आपले परिपत्रक काढले. त्यात त्यांनी लिहिले की गुन्हेगाराला मारण्याखेरीज इलाज नाही असे प्रसंग आजच्या जगात फारच विरळ, जवळजवळ नसल्यातच जमा आहेत. त्या आधाराने १९९२ चा धर्मशिक्षण ग्रंथ १९९७ मध्ये सुधारला गेला. मग २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी पुढचे पाऊल टाकले. म्हणजे दार आधीच जवळजवळ लोटलेले होते, त्यांनी कडी लावली. पोप फ्रान्सिस मनाला येईल ते करीत होते असे म्हणणाऱ्यांनी हा क्रम एकदा बघावा. ज्या जॉन पॉल यांचे फोटो ते घरात लावतात, त्यांनीच ही वाट पाडली.

या वाढीत आपण शिकलो काय? माणूस हा समाजाच्या शरीराचा नुसता अवयव नाही, हे शिकलो. हाताचे बोट देवाला हाक मारू शकत नाही, पश्चात्ताप करू शकत नाही. माणूस करू शकतो. म्हणून बोट कापता येते, माणूस कापता येत नाही.

आणि हे काही पहिल्यांदाच घडले नाही. १४५२ साली पोप पाचवे निकोलस यांनी पोर्तुगालच्या राजाला ख्रिस्ती नसलेल्या लोकांना कायमचे गुलाम करण्याची मोकळीक दिली होती. त्याच राजवटीत पुढे गोव्याच्या बाजारात माणसे विकली गेली. १८३९ साली पोप सोळावे ग्रेगरी यांनी गुलामांच्या व्यापाराचा निषेध केला. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने गुलामगिरीला मानवी प्रतिष्ठेचा अपमान करणाऱ्या लाजिरवाण्या गोष्टींत गणले. आज आपल्या चर्चमध्ये उभे राहून कुणी म्हणेल का, की शिकवण बदलत नाही, तेव्हा १४५२ चे फर्मान परत आणा? मग फाशीच्या बाबतीतच जुने तेच खरे, हा हट्ट कशासाठी? कारण उघड आहे. गुलामगिरी गेल्याने आपले काही अडत नाही. फाशी गेली तर आपला राग कुठे ठेवायचा, हा प्रश्न पडतो.

आता तरुणांशी.

शिकवण वाढते, म्हणजे ती कुठेही वाढते असे नाही. वेल मांडवावर चढते, रस्त्यावर पसरत नाही. गुलामगिरी आणि मृत्युदंड, दोन्ही ठिकाणी बदल कोणत्या दिशेने झाला? ज्यांना समाज माणूस म्हणायला तयार नव्हता त्यांना माणूस म्हणण्याच्या दिशेने. आधी गुलाम, मग गुन्हेगार. या दिशेने चालत चालत कुणी आईच्या उदरातल्या बाळाला वर्तुळाबाहेर काढण्यापर्यंत पोहोचू शकत नाही. फाशीविषयीची नवी शिकवण आणि गर्भपाताविषयीची शिकवण एकाच मुळावर उभी आहे. एकीचा दाखला देऊन दुसरी मोडायला निघणे म्हणजे बसलेली फांदी तोडणे.

आणखी एक खूण सांगते. काळाबरोबर वाहणारा बदल लोकांना आवडतो, त्याने टाळ्या मिळतात. २०१८ च्या बदलाने आपल्या देशात टाळ्या मिळवल्या का? संसद, विधानसभा, वर्तमानपत्रे, चहाच्या टपऱ्या, सगळीकडे फाशीची मागणी होती, आणि ख्रिस्तसभा उलट बोलत होती. म्हणून पुढे कधी कुणी सांगितले की चर्चची अमुक शिकवण बदलणार आहे, तर एवढे तपासा: हा बदल आपल्याला क्रूसाजवळ नेतो की आपल्या सोयीजवळ? दुबळ्याचे ओझे कमी करतो की आपले? सामाजिक शिकवण पुढेही वाढेल, यात मला शंका नाही. पण ती वाढेल तेव्हा बहुधा आपल्याला अवघडच जाईल.

आता सर्वांत कठीण भाग. तो टाळला तर हा लेख लिहिण्यात अर्थ नाही.

तुझ्या मुलीवर असा प्रसंग आला असता तर? हे मला तोंडावर विचारले गेले आहे. मला मुलगी आहे. त्या वेळी माझ्या मनात काय येईल, हे मला नीट माहीत आहे, आणि ते लिहिण्यासारखे नाही. पण म्हणूनच न्याय आईच्या हाती न देता न्यायालयाच्या हाती दिलेला असतो. ज्या घरावर हे संकट कोसळले त्या घराने अमुक दिवसांत क्षमा केलीच पाहिजे, असे ख्रिस्तसभा म्हणत नाही, आणि कुणी म्हणत असेल तर तो त्या घरावर दुसरा अत्याचार आहे. गुन्हेगाराला मोकळे सोडा, असेही ती म्हणत नाही. संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात शासनाच्या हातातल्या तलवारीची गोष्ट आहे, ती लोक मला दाखवतात. शिक्षा करण्याचा शासनाचा अधिकार ख्रिस्तसभा आजही मानते. कडक शिक्षा, दीर्घ कारावास, गरज असेल तर मरेपर्यंत कारावास, आपल्या कायद्यात हे सगळे आहे. फक्त जीव घेणे नको.

शिवाय फाशीने लेकरे खरेच सुरक्षित होतात का? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे सांगतात की बलात्काराच्या दहापैकी नऊहून अधिक घटनांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. शेजारी, नातेवाईक, कधी घरातलाच. आता विचार करा, आठ वर्षांची पोर आईला काकाचे नाव सांगते. सगळे घर म्हणते, गप्प राहा, नाहीतर काका फासावर जाईल. फाशी ज्या लेकराच्या रक्षणासाठी आणली, त्याच लेकराच्या तोंडावर ती हात ठेवते. आणि ज्या नराधमाला ठाऊक आहे की बलात्कारालाही फाशी आणि खुनालाही फाशी, त्याला साक्षीदार जिवंत ठेवण्याचे कारण काय उरते?

आणि चूक झाली तर? महाराष्ट्रातलीच गोष्ट आहे. २००३ सालच्या एका भीषण दरोडा, खून आणि बलात्कार प्रकरणात भटक्या जमातीतल्या सहा गरीब माणसांना पकडले गेले. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. त्यांतला एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांची निर्दोष सुटका केली आणि प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितले. जखमी साक्षीदाराने पोलिसांच्या फोटोंमधून आधी दुसऱ्याच चार माणसांना ओळखले होते, ही गोष्टही निकालात पुढे आली. सोळा वर्षे ते तुरुंगात होते. पाच लाखांनी सोळा वर्षे परत येत नाहीत, पण माणूस घरी तरी येतो. फासावर गेलेला येत नाही. आणि आपल्या देशात फासाच्या दाराशी कोण उभे असते? ज्याच्याकडे चांगला वकील करायला पैसा नाही तो. आदिवासी, भटका, दलित, मजूर. श्रीमंताचा मुलगा तिथपर्यंत क्वचितच पोहोचतो.

आता सिस्टर राणी मारियाकडे येऊ या. त्यांच्या फोटोला हार घालणे सोपे आहे. त्यांची गोष्ट पचवणे अवघड.

देवास जिल्ह्यातल्या उदयनगर भागात त्या भूमिहीन आणि आदिवासी लोकांबरोबर काम करीत होत्या. लोक सावकारांच्या कचाट्यातून सुटू लागले, ते काहींना खुपले. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरला जाणाऱ्या बसमध्ये, प्रवाशांच्या देखत, समंदर सिंह याने सुऱ्याचे वार करून त्यांना मारले. तारखेकडे लक्ष द्या. जीवनाच्या शुभवर्तमानाचे परिपत्रक बरोबर एक महिन्याने आले.

समंदर सिंह तुरुंगात गेला. स्वामी सदानंद म्हणून ओळखले जाणारे धर्मगुरू त्याला भेटत राहिले. २००२ च्या ऑगस्टमध्ये राणी मारियांची सख्खी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात गेल्या आणि त्यांनी त्याच्या मनगटावर राखी बांधली. कुटुंबाने त्याच्या सुटकेसाठी शब्द टाकला. २००६ मध्ये, सुमारे अकरा वर्षांनी, तो सुटला. पुढे केरळला जाऊन तो त्यांच्या आईवडिलांच्या पाया पडला. २०१७ च्या त्या नोव्हेंबरच्या दिवशी इंदूरच्या मंडपात तोही बसला होता.

दिवसाढवळ्या, भर रस्त्यात, एका निःशस्त्र धर्मभगिनीचा खून. आजचा आपला व्हॉट्सअॅप ग्रुप त्या दिवशी असता, तर आपण काय लिहिले असते? आणि आपल्या मनासारखे झाले असते, तर ती राखी कुणाच्या मनगटावर बांधली गेली असती? पश्चात्तापाला वेळ लागतो. समंदरला तो लागला. क्षमेलाही वेळ लागतो, सेल्मी पॉल यांना सात वर्षे लागली. फाशी हा वेळच कापून टाकते. पापी माणसाचे मरण देवाला आवडत नाही, त्याने वळावे आणि जगावे हेच आवडते, हे यहेज्केल संदेष्ट्याने शेकडो वर्षांपूर्वी सांगून ठेवले आहे. उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात पहिला खुनी काइन भेटतो. देवाने त्याला शिक्षा दिली, हद्दपार केले, आणि कुणी त्याला मारू नये म्हणून त्याच्यावर खूणही केली. आपण ज्या प्रभूची उपासना करतो, तोही न्यायालयाच्या हुकमाने, लोकांच्या गर्दीच्या मागणीवरून मारला गेला. क्रूसावर द्या म्हणून ओरडणाऱ्या त्या गर्दीत आपला आवाज मिसळू नये, एवढे तरी आपण करू शकतो ना?

म्हणून माझी विनंती आहे. फासाचे चित्र असलेला निरोप आला तर पुढे पाठवू नका. त्याऐवजी पीडित घराला वकील, डॉक्टर, शाळेची फी, सोबतीला एक माणूस, यांतले काय देता येईल ते विचारा. आपल्या मुलींना आणि तितकेच आपल्या मुलग्यांनाही वेळेवर बोलायला आणि ऐकायला शिकवा. खटले लवकर चालावेत, पोलिसांनी तक्रार नाकारू नये, यासाठी आवाज उठवा. विश्वासूंच्या प्रार्थनेत जशी पीडितांसाठी प्रार्थना करतो, तशी तुरुंगातल्यांसाठीही करा, आणि ज्यांना जमेल त्यांनी त्यांना भेटायलाही जा. मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात प्रभू तुरुंगात असलेल्यांमध्ये स्वतःला मोजतो. ते निर्दोष असतील तरच, अशी अट त्याने घातलेली नाही.

ख्रिस्तसभेची शिकवण बदलेल का, असा वाद घालत आपण बसलो आहोत. ती आपल्यापुढे चालत गेली आहे आणि वळून आपली वाट बघत आहे.

हे प्रभू, अन्यायाने मारलेल्यांना तुझ्या कुशीत घे. ज्यांच्या लेकरांवर घाव झाले त्यांना धीर आणि न्याय दे. ज्यांनी घाव घातले त्यांना वळण्यास वेळ दे. आणि आमच्या मनातला फास आधी सोडव. आमेन.